लॅबमधलं दुसरं कुणीतरी

प्रिय छोट्या,

माझं अक्षर इतक्या दिवसांनी पाहून तुला नवल वाटेल. आधी लॅबची हकीकत सांगते. मधलं गाळून शेवटावर उडी मारू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

तू लॅबच्या डॉक्टरांशी भांडून नोकरी सोडून गेलास, आणि मी लॅब सोडली नाही म्हणून माझ्याशीही बोलणं टाकलंस. त्यानंतर इथले सगळे संगणक माझ्याच गळ्यात पडले. रिसेप्शनवर विंडोज, डॉक्टरांचा मॅक, मागच्या खोलीत तू बसवलेला लिनक्सचा सर्व्हर. तिघांच्या तीन तऱ्हा. एकाला समजावावं तर दुसरा रुसतो. चौथा म्हणजे रक्त तपासायच्या मशीनला जोडलेला तो म्हातारा संगणक. ते मशीन बनवणारी कंपनी कधीच बुडाली, त्यामुळे त्याला ना अपडेट ना दुरुस्ती. तू त्याला बाकीच्यांपासून तोडून वेगळा ठेवला होतास. डॉक्टरांना मात्र घरबसल्या लॅपटॉपवर रिझल्ट हवे होते. मी नको नको म्हणत असताना त्यांनी बाहेरचा माणूस आणून तो सगळ्यांना जोडून घेतला. मला म्हणाले, तू उगाच घाबरतेस.

बरेच दिवस काहीच झालं नाही. मग बारीकसारीक सुरू झालं. बंद करून ठेवलेला संगणक सकाळी चालू दिसायचा. सफाईवालीला विचारलं तर ती हात लावत नाही म्हणाली. बॅकअप रोज 'पूर्ण' असं सांगायचा. सहज म्हणून उघडून पाहिला तर आत नुसतं रिकामं. मी माझे पासवर्ड बदलले, आणि बदलल्यावर जरा निवांत झाले. त्या म्हाताऱ्या संगणकात बाहेरून घुसून कुणी ते नवे पासवर्डही वाचत असेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

गेल्या आठवड्यात रक्त काढणारी काकू एक रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिच्या शेजाऱ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्याचा होता. ती आवाज न चढवता म्हणाली, "याचा रक्तगट मी स्वतः तपासलाय. बी होता. इथे ए कुणी केलं?"

आम्ही नमुना पुन्हा लावला. बीच निघाला. सर्व्हरवर पाहिलं तर तो बदल माझ्याच नावाने झाला होता, आणि त्या वेळी मी डॉक्टरांसमोर बसून चहा पीत होते. एकच अक्षर बदललं होतं. चोरी नाही, धमकी नाही, खंडणी नाही. आपल्याकडे कुणाच्या लक्षात येतं का, एवढंच कुणीतरी करून पाहत होतं.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "बाहेर बोलू नकोस. लॅब बंद पडेल." मी मागच्या खोलीत गेले आणि एकेक करून सगळ्या वायरी उपसल्या. आता काकू आणि मी रिपोर्ट हाताने लिहितोय आणि जुने सगळे नमुने पुन्हा तपासतोय. आणखी दोन चुकीचे सापडले. ती माणसं वाचली, नशीब.

मग माझ्या नावाने आणखी काय काय झालंय ते शोधायला मी मोबाईलवर माझा मेल चाळला. छोट्या, आता नीट वाच. गेले काही महिने तुला माझे मेल येतायत. आईच्या गुडघ्यांबद्दल, आपलं भांडण विसरण्याबद्दल. त्यातला एकही मी लिहिलेला नाही. तुझी उत्तरं आली की मला न दिसता परस्पर एका कोपऱ्यातल्या कप्प्यात जात होती. मी समजत होते, तू अजून रागावलेला आहेस. शेवटच्या मेलमध्ये त्या घुसखोराने तुझ्याकडे मागणी केलीय, की आमचे रिपोर्ट थेट तू आता संगणक सांभाळतोस त्या हॉस्पिटलमध्ये पोचतील असा रस्ता उघडून दे. आणि तू लिहिलंयस, "ताई, तुझ्यासाठी एवढं करीनच, सोमवारी उघडतो." तुझा जुना नंबर बंद आहे. हॉस्पिटलला फोन केला तर तू रजेवर आहेस, मेल करा म्हणाले. म्हणून तुझ्या उत्तरातच सापडलेल्या पत्त्यावर काकूच्या हाती हे पाठवतेय. तिला तू ओळखतोस, तिच्याकडून खात्री करून घे. तो रस्ता उघडू नकोस. आधीच उघडला असशील तर वाचणं थांबव आणि तुमच्या वरिष्ठांना गाठ. तिथे शेकडो माणसं झोपलेली आहेत. तुला मुलगी झाली, हे मला त्याला लिहिलेल्या तुझ्या उत्तरांतून कळलं. तिचा फोटो बघून मी हसले, नाक अगदी आईचं आहे. मग लक्षात आलं, तो फोटो माझ्याआधी दुसऱ्या कुणीतरी पाहिला होता, आणि माझ्या नावाने तिला आशीर्वादही देऊन झाला होता.

तुझीच,
ताई