टाकीमागचं गवत

ता. २ सप्टेंबर

आधी भांडण, मग आशीर्वाद. नातीला गवत मोजायची नोकरी लागली म्हणून मी गल्लीभर कौतुक सांगितलं, आणि तू काय केलंस? पाण्याच्या टाकीमागे बाग करा असा गल्लीने अर्ज केला, पहिली सही माझी. आणि तू महापालिकेतल्या तुझ्या साहेबांना लिहितेस, बाग नको! म्हातारीला टेकायला एक बाकडं मिळत होतं, तेही तुला बघवेना?

चि. टोळास अनेक आशीर्वाद. तुझं भिंग खिडकीत विसरलंय. गुडघे कुरकुरतात. जेवत जा, काडी झालीस.

राग आहे, म्हणजे लोभ आहेच.
आजी

ता. ९ सप्टेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

सही पाहून हसावं की रडावं कळेना. अगं, शहर वसायच्या आधी इथे सगळा माळ होता. त्यातला एवढाच तुकडा उरलाय. मी एकसष्ट जाती मोजल्या. त्यातल्या नऊ शहरात दुसरीकडे कुठेच नाहीत. साहेब म्हणतात, झाडंच लावतोय, वाईट काय? पण सावली पडली की माळाचं गवत मरतं. महिनाअखेरीस माती उकरायला यंत्र येणार. एक कोडं मात्र सुटत नाही: सगळा माळ गेला, हाच कसा टिकला?

भिंग घे आणि एकदा खाली बस. मग हवा तेवढा राग धर.
तुझी टोळ

ता. १३ सप्टेंबर

चि. टोळास आशीर्वाद.

बसले. उठवायला शेजारणीला बोलवावं लागलं, पण बसले. मोहरीएवढं जांभळं फूल. भिंगातून पाहिलं तर आत पिवळ्या रेघा, बारीक सुईने भरल्यासारख्या. मुंगीहून लहान माशी आली आणि त्या रेघांवरून सरळ आत गेली, मी डोळे मिटून स्वयंपाकघरात जाते तशी. ती बाहेर येईपर्यंत मी भिंग हलवलं नाही गं. कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, कुणी बघावं अशी आसही नाही. आणि मी तीस वर्षं तुडवत गेले.

तुझं कोडं सांगते. तुझे आजोबा टाकीचे रखवालदार, गवत कापणं त्यांच्याकडे. बी झडल्याशिवाय विळा उचलायचे नाहीत. तेही यंदा अर्धं, पुढच्या वर्षी उरलेलं. त्यांच्यामागे आलेल्या रखवालदारालाही तेच वळण लावून गेले. मी जन्मभर आळशी म्हणाले. ते म्हणायचे, पिकू दे की, घाई काय आहे? आता चूक कबूल करायची तर कुणापुढे?

सही मागे घेतली. अकरा जणींना भिंग दाखवलं, त्यांनीही घेतली. यंत्र येईल त्या दिवशी घरचं स्टूल घेऊन मी गवताच्या कडेला बसणार.

या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. साहेबांनी द्यायचं, आणि तेही इथे येऊन, गुडघे टेकून. भिंग माझ्याकडे आहे.
आजी