बर्फाच्या कारखान्यापाशी उतरा

१ एप्रिल, सोमवार

नवे साहेब आज धक्क्यावरच्या माझ्या चौकशी खिडकीशी आले ते घामाने निथळत. हातात माझं पत्रक. 'परदेशी पाहुण्यांसाठी उपयुक्त सूचना'. मी लिहिलेलं, बारा वर्षं तसंच छापलं जातंय.

"बाई, बर्फाचा कारखाना कुठे आहे?"

म्हटलं, "सोपं आहे. सहा नंबरची बस —"

"बसनेच गेलो. उतरलो. पाऊण तास उन्हात फिरलो. कारखाना कुठे आहे?"

"पाडला की! अकरा वर्षं झाली."

"मग पत्रकात कशाला?"

आता काय सांगणार! सगळे तसंच म्हणतात. कंडक्टर 'बर्फ, बर्फ' ओरडतो. रिक्षावाल्याला 'बर्फापाशी' म्हटलं की झालं. इतकी वर्षं ह्या खिडकीत बसून मी जगातल्या लोकांना तिथे उतरवतेय, आणि तिथे नुसतं गवत आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. साहेब बाहेरगावचे, म्हणून त्यांना दिसलं.

महिनाअखेर नवं पत्रक हवं. शिवाय खिडकीबाहेरच्या सूचनापेटीत आजवर आलेली सगळी कार्डं वाचायची. "सगळी म्हणजे सगळी, बाई."

बरं बाबा.

३ एप्रिल

पत्र आलं. परदेशी शिक्का, पण अक्षर आपलं. आपलं म्हणजे काय, कोंबडीचे पाय. दादाची मुलगी! कधी पाहिलेली नाही. वीस वर्षांची असेल.

लिहिते — आत्या, बाबा आता निवृत्त होणार. जहाजावरची त्यांची ही शेवटची फेरी. चोवीस तारखेला तुमच्या बंदरात सात तास थांबणार. बाबा म्हणतात, तिने बोलावलं तरच उतरेन, मागच्यासारखं नको. तुम्ही वीसपर्यंत जहाज कंपनीच्या एजंटकडे चिठ्ठी द्या. बाबा तुम्हाला ढब्बू म्हणतात, ते तुमचं नाव आहे का?

मागच्यासारखं म्हणजे कसं? मागच्या वेळी, दादा, तू बॅग उचलून जिना उतरलास, ह्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. कोणी हाकललं नव्हतं तुला.

पत्र फडताळात ठेवलं, चादरींच्या खाली.

४ एप्रिल

ह्यांनी विचारलं, "काय ठरवलंस?"

म्हटलं, "भाजी काय करू ते सांगा."

६ एप्रिल, शनिवार

पत्रकाला हात घातला. जुनं वाचताना हसू येत होतं. 'टॅक्सीत बसण्याआधी मीटर शून्यावर आहे ना ते पाहा.' हे ठीक. 'लाल झेंड्याच्या पलीकडे पोहू नका.' ठीक. 'कावळ्यांपासून खाणे सांभाळा.' हे तर मोठ्या अक्षरात हवं, परवाच एका जर्मन आजोबांच्या हातातला अख्खा पाव गेला.

नवीन घातलं — दुपारी एक ते चार दुकानं बंद, तेव्हा भांडू नका. बसमध्ये सुटे द्या. मासळीवालीचा फोटो काढण्याआधी विचारा, न विचारता काढलात तर काय ऐकावं लागेल ते भाषा न येताही कळेल. (साहेब हे खोडणार.) भरती कधी ते धक्क्यावरच्या फळ्यावर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय खडकांवर जाऊ नका.

सातवी सूचना तेवढी अडली. किनाऱ्यावर कसं जावं? 'बर्फाच्या कारखान्यापाशी उतरून मोठ्या दारासमोरच्या गल्लीने सरळ जा.' ती गल्ली म्हणजे आमचीच. पण कारखाना काढला की दार गेलं, आणि दार गेलं की 'समोर' कशाच्या समोर?

७ एप्रिल, रविवार

ह्यांना परदेशी केलं! डोक्याला टोपी, हातात पत्रक. म्हटलं, फक्त ह्यात लिहिलंय तेवढंच करायचं, माहीत असलेलं सगळं विसरायचं. "ते मला जमतं," म्हणाले. "लग्नात तसंच सांगितलं होतं सासूबाईंनी."

सहा नंबरने बर्फाशी उतरलो. पत्र्याचं कुंपण, आत गवत, दोन बकऱ्या. हे रस्त्यात उभे. "कारखाना दिसत नाही, मॅडम." पानवाल्याला विचारलं, कारखाना कुठे? तो कुंपणाकडे बोट दाखवून म्हणाला, "हा काय!" हे म्हणाले, "हा कुठला?" तो म्हणाला, "अहो, ह्याच्यापुढेच तर उभे आहात!" बिचारा गंभीरपणे बोलत होता. मी पदर तोंडात कोंबला.

मग समोरच्या गल्ल्या. पाच आहेत. पाची सारख्या — डावीकडे भिंत, उजवीकडे गटार, तोंडाशी विजेचा खांब. आमची तिसरी. रोज जाते-येते, पण ती तिसरी आहे हे मला आज मोजून कळलं. हे मुद्दाम पहिलीत शिरले, गॅरेजमध्ये निघाले. चौथीत शिरले, कुत्रं अंगावर आलं. "कोणाच्या दारावर थाप मारू का?" म्हणाले. म्हटलं, पुरे झालं.

घरी येताना माझं हसू मावळलं होतं. का, ते कळेना. अकरा वर्षांत किती माणसं तिथून परत फिरली असतील, देव जाणे.

१० एप्रिल

सातवी सूचना नवी लिहिली — 'बस थांब्यावर उतरल्यावर बसच्या पुढच्या दिशेला तोंड करा. डावीकडची तिसरी गल्ली. दोनशे पावलं. हिरवं दार लागलं की समुद्र दिसतो.'

हिरवं दार आमचं. यंदा रंगवायचं नाही आता.

साहेब खूश. "आणि कार्डं?" झालंच, म्हटलं. झालेलं नाही. परदेशी भाषेतली मी दर महिन्याला वाचतेच. उरली आपल्या भाषेतली. ती वाचायचीच नाहीत असा नियम आहे, आणि तो मीच घातलाय. परदेशी पाहुण्यांच्या पेटीत आपले लोक काय टाकणार? गटार तुंबलं, बस थांबली नाही, शेजाऱ्याचा कोंबडा. ती तशीच घडी घालून बिस्किटांच्या मोठ्या डब्यात टाकायची. नगरपालिकेचा शिपाई येऊन नेणार होता. तो अजून यायचाय.

१४ एप्रिल, रविवार

हे आज चिडले. कधी चिडत नाहीत. "अगं, माणूस दारात येतो म्हणतोय. बावीस वर्षांनी. तुझं काय जातं एक चिठ्ठी लिहायला?"

काय जातं! लिहूनच टाकते, इथे तरी.

आई ह्या घरात आली तेव्हा चालत नव्हती. जुलैत बिऱ्हाड हलवलं, लगेच मी दादाला लिहिलं. आईचं काही खरं नाही, ये. नवा पत्ता कळवला. आईची खाट खिडकीशी लावली. तिला गल्ली दिसायची. कोणाची पावलं वाजली की मान उचलायची, "आला का गं?" रोज. दिवसातून दहादा. मी आधी म्हणायचे येईल हं. मग म्हणायचे झोप आता. शेवटी शेवटी ओरडायचे तिच्यावर. हो, ओरडायचे! नोव्हेंबरात ती गेली. दादाला लिहिलं — आई गेली, आता येण्याची गरज नाही. त्यावर दोन ओळी नाहीत आल्या. तेव्हापासून अकरा वर्षं चिडीचूप.

आणि आता दादासाहेब निवृत्त होणार, सात तास मोकळे आहेत, तर बहीण आठवली. मी बोलवायचं! मी! आईने बोलावलं होतं ते कमी पडलं?

ह्यांना हे सगळं माहीत आहे. तरी म्हणाले, "त्याचीही काही बाजू असेल." असेल तर अकरा वर्षांत पोस्टाची पेटी सापडली नाही का त्याला?

रडले. मग भांडी घासली.

१७ एप्रिल

पत्रकाच्या मराठी प्रतीची मुद्रितं तपासायला आली. 'कावळ्यां'चं 'बावळ्यां' झालंय. दुरुस्त केलं. मासळीवाली साहेबांनी ठेवली! म्हणाले, हेच एक वाक्य लोक वाचतील.

२० एप्रिल, शनिवार

आज वीस तारीख. एजंटच्या दारावरून दोनदा गेले. नाही दिली चिठ्ठी.

२२ एप्रिल, सोमवार

साहेबांनी स्वतः डबा काढला कपाटावरून. धूळ झटकून माझ्यापुढे ठेवला. "सगळी म्हणजे सगळी."

बसले वाचत. सगळ्यात वरची ताजी, खाली खाली जुनी. एक आजोबा दर महिन्याला लिहितात की धक्क्यावरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. आहेच! एकाला पेटीचाच रंग आवडत नाही. एका बाईने माझ्याबद्दल लिहिलंय — 'खिडकीतल्या बाई हुशार आहेत, पण जरा हसल्या तर कर भरावा लागत नाही.' शेजारच्या तिकीट खिडकीतल्या काकांना वाचून दाखवलं, ते इतके हसले की लाँच दोन मिनिटं उशिरा सुटली.

तळाची शंभरेक राहिली. उद्या.

घरी आल्यावर ह्यांनी चहा पुढे ठेवला. परवा चोवीस, ते दोघांनाही माहीत आहे.

२३ एप्रिल, मंगळवार

डब्याच्या तळाशी सापडलं. दादाचं अक्षर. कार्डावर तारीख तेरा ऑक्टोबर. आई तेव्हा खाटेवर होती.

'ढब्बू, जहाज चार तास थांबलं. कारखान्यापाशी उतरलो, तर कारखानाच नाही. तुझी समोरची गल्ली कुठली ते कळेना. चार गल्ल्या फिरलो, दारं वाजवली, तुम्हाला कोणी ओळखत नाही. तुझ्या खिडकीवर आलो, तर रविवार, बंद. भोंगा वाजला. आईला सांग मी आलो होतो. पुढच्या महिन्यात परत इथेच येतोय, नीट पत्ता लिही. नाही लिहिलास तर समजेन की तुला मी नकोच आहे.'

चार गल्ल्या. तिसरी राहिली. रविवार होता, मी घरीच होते, आईच्या उशाशी. जुलैत त्याला पत्र लिहिलं तेव्हा कारखाना पाडत होते, घराच्या खिडकीच्या काचांवर धूळ बसत होती. तरी लिहिलं — कारखान्याच्या मोठ्या दारासमोरची गल्ली!

कार्ड मीच घडी घालून डब्यात टाकलं असणार. न वाचता. आणि त्याच्या कार्डाला माझं उत्तर म्हणून गेलं ते एवढंच, की आता येण्याची गरज नाही.

एजंटकडे धावत गेले. वीस तारीख उलटली म्हणाला. म्हटलं, बावीस वर्षं उलटलीत, लावा वायरलेस! मजकूर त्याने दोनदा वाचून घेतला —

'दादा, उतर. कार्ड आज वाचलं. घर शोधू नकोस. शिडीपाशी उभी आहे. ढब्बू.'