तब्येतीच्या नावानं

१ मार्च
वरून हुकूम आलाय. महिला दिनाच्या कार्यक्रमात बायकांना सांगा: दारूनं स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. सांस्कृतिक भवनाचा प्रमुख मी, म्हणजे सांगणार मीच. आमच्या जेझकाझगान गावातल्या प्रत्येक लग्नात प्याले उचलायला लावणारा असाबा, म्हणजे पंगतीचा सूत्रधार, आहे मी. उचलायला लावतो, तसे ठेवायलाही लावीन. त्यात काय!

३ मार्च
डॉक्टर झिबागुल येऊन डोकं खाऊन गेली. कालची पोर! मला आगा, म्हणजे दादा, म्हणते आणि वर शिकवते: वाईनसुद्धा दारूतच धरा. थोडीसुद्धा. वाईन म्हणजे द्राक्षांचा रस. पोस्टरमधून वाईन काढायला सांगितली. तिनं ठळक अक्षरात छापली. आगाऊ.

५ मार्च, सकाळी
काल मेव्हण्याकडे जेवण. मी तब्येतीच्या नावानं प्याला उचलला आणि आमच्या बायकोनं, कुलपाशनं, स्वतःचा पालथा घातला. सगळी पंगत हसली. वहिनी, कितवा महिना? बावन्नाव्या वर्षी! माझं नाक कापलं बयेनं. गाडीत जाब विचारला, तर म्हणे, तुमचंच पोस्टर वाचलं. पोस्टर गावासाठी असतं, घरासाठी नाही.

६ मार्च
कुलपाशला बजावलं: उद्या कार्यक्रमात पुढच्या टेबलावर बसायचं आणि सगळ्यांसारखं प्यायचं. तर म्हणे, अहो, छातीत गाठ लागतेय हाताला. अकरा तारखेला तपासणी आहे, चला ना सोबत. मला भीती वाटते. ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर! नंतर बघू म्हटलं. गाठ काय पळून जातेय?

७ मार्च
भाषण फर्मास. बायका रडल्या. शेवट जोरदार हवा म्हणून प्याला उंचावला: बायांनो, तुमच्या छातीच्या तब्येतीच्या नावानं, एका दमात! थेंब ठेवाल तर माझी शप्पथ!
अख्खा हॉल प्यायला. झिबागुलनं कपाळावर हात मारून घेतला. मग कुलपाश उठली आणि माईक माझ्या हातातून हिसकावून म्हणाली, मला गाठ आहे, माझ्याबरोबर कोण येतंय? चव्हाट्यावर! नवऱ्यासमोर!

८ मार्च
महिला दिनाची सुट्टी. कुलपाश सकाळपासून फोनवर. बायकांचे फोन तिलाच. भाषण छान झालं असं एकीनंही म्हणू नये? कृतघ्न जात.

११ मार्च
मोठ्या मनानं दवाखान्यात गेलो. बाकावर कार्यक्रमातल्या तिघी आधीच. झिबागुल दारात आली, कुलपाशबरोबर कोण आहे, म्हणाली. तिघी उठल्या. मी म्हटलं, अगं, मी नवरा आहे. तर म्हणे, बसा आगा, त्यांनी या तिघींचीच नावं दिलीत.
दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं चौघी बाहेर आल्या, एकमेकींचे हात धरून, आणि माझ्यासमोरून निघून गेल्या. एकीचे डोळे लाल होते. कुलपाशचे नव्हते. काय निघालं, मला माहीत नाही. विचारायची भीती वाटते.