कोरी फेरी

सर, शाळेच्या ऑफिसात सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "भोरच्या राजवाड्यावर आधी मीच जाऊन आलो होतो, वरचा मजला बंद आहे ते माझ्याच ध्यानातून गेलं," त्या क्षणी माझं सगळं बदललं. मी दाराशी उभा होतो. एकोणीस वर्षांचा, तुमचा जुना विद्यार्थी आणि सहलीतला मदतनीस, मुठी वळलेल्या. कुणी तुम्हाला वेडंवाकडं बोललं तर अंगावर जायच्या तयारीत. आणि खरं असं होतं की तुम्ही गेलाच नव्हता. गुडघा सुजला म्हणून तुम्ही मला पाठवलं होतं. आणि मीही गेलो नव्हतो. हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक बोलला आणि दुसऱ्यानं मुठी सोडल्या.

आज सात वर्षांनी मी पोलादपूरच्या त्याच शाळेत, तुमच्याच चित्रकलेच्या वर्गात बसून हे लिहितोय. मधली सुट्टी झालीय, पोरं बाहेर कालवा करतायत. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला शहरातून बोलावून घेतलंय, कारण मी आता तेच काम करतो. शाळांच्या सहली त्या राजवाड्यात आणि त्याच्या चित्रसंग्रहालयात नेतो, कुठल्या दालनात किती पोरं, कधी, कुणाबरोबर, ते ठरवून देतो. लोक मला विचारतात, हे शिकलास कुठं? मी म्हणतो, करता करता आलं. तेही खोटंच.

तुमची कोरी फेरी मी कुणाला सांगत नाही, पण करतो. पोरांना न्यायच्या आठ दिवस आधी एकट्यानं जाऊन यायचं. तुम्ही म्हणायचात, "चित्र काढायच्या आधी कागद कोरा बघून घेतो ना आपण, कुठं चुरगळलाय, कुठं तेलकट हाय? तसं." पाचवीतल्या पोराच्या उंचीची वेळूची काठी तुम्ही कापून ठेवली होती. ती चित्रासमोर उभी धरायची, तिच्या टोकापाशी स्वतःचा डोळा न्यायचा आणि तिथून चित्र बघायचं. मी पहिल्यांदा तुमच्याबरोबर गेलो तेव्हा तुम्ही त्या भल्यामोठ्या दालनात गुडघे मोडून वाकला होता आणि पहारेकरी मला विचारत होता, "ह्यांचं काय हरवलंय का?" मला लाज वाटली होती. तुम्ही मात्र वहीत लिहीत होतात: राणीच्या चित्रावर अकरापर्यंत काच चकाकते, पोरांना उजवीकडून उभं करावं. एका वेळी आठच. मुलींची मोरी मागच्या चौकात, कडी आतून लागत नाही, बाहेर एक बाई उभी ठेवावी. मोठ्या माणसाला ती चकाकी दिसतच नाही, सर. ती फक्त सव्वाचार फुटांच्या उंचीवरून दिसते.

कापडे गावातल्या आणि वरच्या वाड्यांतल्या पोरांना तुम्ही दोन महिने आधीपासून तयार करायचात. फळ्यावर खडूनं ती चित्रं आठवणीनं काढायचात आणि एकेक चित्र एकेका गटाला वाटून द्यायचात. राजवाड्यात गेल्यावर त्या गटानं बाकीच्यांना ते सांगायचं, आणि तेही आपल्या बोलीत. संग्रहालयाचा माणूस एकदा हसला तर तुम्ही त्याला म्हणालात, "हसा, पण ऐका." ऐकण्यासारखंच होतं. सातवीतल्या एकानं बैलगाडी नदीतून जातानाचं चित्र सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. "सर, ज्यानं ह्यो बैल काढलाय ना, त्यानं कधी जू बांधलं नाय. ही गळ्याखालची जोती उलटी बांधलीत." त्या माणसानं चष्मा लावून बघितलं. खरंच उलटी होती. परतीच्या गाडीत तुम्ही ते चार वेळा सांगितलंत आणि चारही वेळा स्वतःच आधी हसलात.

हे सगळं कशासाठी, ते तुम्ही एकदाच बोललात. महाडच्या तुमच्या घरी, स्वयंपाकघरात. काकू घावने घालत होत्या, तुम्ही पाटावर, मी उंबऱ्याशी. मी आत सरकत नाही हे बघून काकू म्हणाल्या, "अरे बस की आत, उंबरा काय तुला सोडत नाय का?" मी आत आलो. आमच्या घरी कळलं असतं तर आजीनं काय म्हटलं असतं ते तुम्हालाही ठाऊक होतं, मलाही. मी सहा घावने खाल्ले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझ्या आज्याला ह्या गावात तळ्यावर ओंजळ भरता येत नव्हती. म्हणून माझी पोरं राजवाड्यात पुढच्या दारानं जातील, हात धुऊन, तयारी करून. कुणी म्हणता कामा नये, आले आणि नुसतं तोंड वासून गेले." मग ताटाकडे बघत म्हणालात, "एक चूक झाली ना, तर ती माझी राहत नाही रे. ती आमची होते."

हे मी ऐकलं होतं, सर. हे माहीत असून मी ते केलं.

त्या वर्षी तुम्ही मला तुमची आदल्या साली भरलेली वही दिलीत, सोबत एक कोरी वही आणि ती काठी. म्हणालात, "जुनी नुसती दाखवायला देतोय. नकलू नको." कुठल्या दिवशी जायचं ते तुम्ही माझ्यावर सोडलंत. मी दिवस निवडला तो तिच्यासाठी. कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची, वरंधची, वेणीला दोन क्लिपा लावणारी. ती भोरला मावशीकडे जाणार होती, सकाळच्या गाडीनं. ती वरंधला चढली. मी महाडपासून तिच्यासाठी खिडकी धरून बसलो होतो. घाटात गाडी चहाला थांबली आणि ती भज्यांच्या टपरीपाशी उतरली. मीही उतरलो. कंडक्टरनं बेल मारली तेव्हा ती म्हणाली, "तुझी गाडी निघाली बघ."

"तुझी पण निघाली की."

"मला काय, दुपारच्या गाडीनं जाईन. मावशी काय पळून जात नाय. तुझ्या सरांचं काम हाय ना?"

"अगो, दरवर्षी तोच राजवाडा, तीच चित्रं. भिंती काय चालत जातात?"

"तुझं तू बघ बाबा. उद्या माझं नाव नको सांगूस."

दुपारपर्यंत आम्ही त्या कठड्यावर बसलो होतो. ती तिच्या नर्सिंगच्या अर्जाबद्दल बोलत होती, माकडांना भज्याचे तुकडे टाकत होती, आणि मी काठी मांडीवर आडवी ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होतो. मनातलं एक अक्षर बोलायचं धाडस झालं नाही. एकदा एका ड्रायव्हरनं तिला बघून शिट्टी मारली तर मात्र मी त्याच्या गाडीमागे शंभर पावलं पळालो. तेवढं मला येत होतं. ती दुपारच्या गाडीनं गेल्यावर, आता उशीर झाला असं स्वतःला सांगून, मी तिथंच बसून जुन्या वहीतलं नव्या वहीत उतरवलं. शब्द जरा इकडचे तिकडे केले. जिना, पायऱ्या, चकाकी, मोरी. "चौकात डाव्या हाताला पाणपोई, पाणी गार." हेही उतरवलं. तुम्ही वही वाचलीत आणि म्हणालात, "झकास. माझ्याहून नीट बघितलंस." काकूंना हाक मारून दाखवलीत.

मग तो दिवस. गाडीतून उतरून पोरं दोन ओळींत पुढच्या दारानं आत गेली. चौकात आलो तर चित्रांच्या दालनाकडे जाणाऱ्या जिन्याला आडवा बांबू, त्यावर गोणपाट, आणि पाटी: छपराचं काम चालू असल्यामुळे वरचा मजला बंद. पाटी जुनी झाली होती, सर. तिच्या कोपऱ्यावर पक्ष्यांची घाण वाळलेली. आठ दिवसांपूर्वी कुणीही येऊन गेलं असतं तर त्याला ती दिसलीच असती.

मी काय केलं? मी पहारेकऱ्याची कॉलर धरली. "आमची पोरं पोलादपूरवरनं आलीत, उघड!" म्हणून ओरडलो. तुम्ही मागून माझं मनगट धरलंत, दुखेल इतकं. "सोड त्याला. त्याचा काय दोष हाय?" तुमचा जोर 'त्याचा'वर पडला होता. त्या वेळी मला तो ऐकू आला नाही, आता येतो. मग तुम्ही चौकात डाव्या हाताला बघितलंत. तिथं पाणपोई नव्हती. फरशीवर नुसता चौकोनी डाग होता, सिमेंटनं बुजवलेला. तुम्ही वही उघडलीत, वाचलीत, परत डागाकडे बघितलंत आणि वही पिशवीत घातलीत.

पोरांना तुम्ही चौकाच्या पायऱ्यांवर बसवलंत आणि म्हणालात, चित्रं वर आहेत, आपण खालून सांगू. राणीच्या गटातली एक वाडीवरची पोरगी उठली, बोलायला लागली आणि अडली. "सर, राणीचा पोपट कुठल्या हातावर हाय?"

"तू सांग."

"डाव्या."

"मग डाव्याच."

पोरं हसली. सगळी सांगून झाली तेव्हा मागून एक बारका आवाज आला, "मंग आमी एवढ्या लांब कशाला आलो?" त्याला कुणी गप्प केलं नाही. तुम्ही पण नाही.

परतताना गाडीत तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. घाट सुरू झाला. मग खिडकीबाहेर बघत विचारलंत, "पाणी गार होतं का रे?"

मी म्हणालो, "हो सर."

एवढी वाट तुम्ही मला करून दिली होतीत. मी नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत. का घेतलंत? आमचे बाबा शाळेच्या कमिटीवर होते म्हणून? की मी पोर होतो म्हणून? मी बरीच वर्षं पहिलं कारण धरून बसलो होतो, कारण त्यात तुमच्यावर थोडं रागावता येत होतं. खोलीतले एक जण हळूच म्हणाले, "ह्यांना मोठी कामं द्यावीत कशाला?" 'ह्यांना' म्हणजे कुणाला, ते सगळ्यांना कळलं. पुढच्या वर्षी सहल पाण्याच्या घसरगुंड्यांवर गेली. तुमच्याकडून परीक्षेचे पेपर काढून घेतले. शिपाईसुद्धा विचारायचा, "सर, छत्री घेतली ना?" ज्या माणसानं तीस वर्षांत वर्गातला एक कंपास हरवू दिला नाही, त्याला. तुम्ही गेल्यावर मी दोन महिन्यांनी काकूंना भेटायला आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी गॅस बंद केलाय का ते तीन-तीनदा उठून बघायचे. म्हणायचे, लोक म्हणतात ते खरंच असंल गो, मी विसरतो." मी चहा प्यायलो. काकूंनी बशीत बिस्किटं काढली, तीही खाल्ली. आणि निघालो.

मी कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं. लोकांना सांगितलं की तिच्यापायी सोडलं. ती नर्सिंगला शहरात गेली होती, मी मागोमाग गेलो, हे खरंच आहे. पण महाडच्या कॉलेजात जायचं तर तुमच्या दारावरूनच जावं लागायचं, हेही खरं. तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली. वार्ता कळली तेव्हा मी एका रिक्षावाल्याशी मारामारी केली, ज्याचा काहीएक संबंध नव्हता. तुम्ही माझं मनगट धरलं होतंत ते तेव्हा आठवलं, पण उशिरा.

आज सकाळी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "राजवाड्याची सहल परत सुरू करू. फक्त त्या जुन्या सरांसारखा विसरभोळा कारभार नको हां. पोरं म्हणे जिन्यासमोर बसून पोपट सांगत होती!" सगळे हसले. नवे शिक्षक, ज्यांनी तुम्हाला बघितलंही नाही, ते हसले. मीही हसलो, सर. तोंड आपोआप हसलं. मग त्या म्हणाल्या, "आणि आधी जाऊन यायची काय गरज? सगळं मोबाईलवर कळतं." मी मान डोलावली आणि म्हणालो, जरा पाणी पिऊन येतो.

ते अजून ऑफिसातच बसलेत. सुट्टी संपत आली. मी आत्ता जाणार आहे आणि सांगणार आहे की विसरलं कुणी नव्हतं. एक जण गेला नव्हता, आणि तो मी. सहलीचं काम माझ्याकडून जाईल, जाऊ दे. बाबांच्या कानावर आज संध्याकाळपर्यंत जाईल. काकूंना मात्र दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मला तळ्याजवळच्या त्या घरी पोचलं पाहिजे. त्यांनी उठवून लावलं तर उठायचं.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही, खिशातच राहील. पण एक लिहून ठेवतो. तुम्ही आज हयात असतात आणि त्या ऑफिसात समोर बसलेले असतात, तर माझी बोलायची छाती झाली नसती. तुम्ही नाही आहात म्हणूनच मला हे धाडस येतंय. त्याला धाडस म्हणावं की नाही, कळत नाही.

घंटा झाली. पोरं आत यायच्या आधी मी बाहेर पडतो आणि वर्गाचं दार लावून घेतो.