वनभोजनाची बिस्किटं

१९ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं एकदाचं. रविवारी कार्तिकातलं वनभोजन – नंजनगूडजवळ, फत्तेसिंगरावांच्या नारळाच्या तोटात, म्हणजे बागेत. तिथे आवळ्याचं झाड आहे, आपल्या लोकांना तेच लागतं. आधी झाडाची पूजा, मग नैवेद्य, मग पंगत. आणि काजूची बिस्किटं? ती नागरत्नाबाईंकडून! हेही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

नागरत्नाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी या पिठाला शेवटचा हात लावला तेव्हा आमची वर्षिणी रांगत होती. आता ती बेंगळुरात नोकरी करते. पीठ मी मळते, कौतुक त्यांचं होतं. त्या हसून 'घ्या, अजून घ्या' म्हणतात आणि मी मागे उष्टी ताटं उचलत असते.

कंटाळा आलाय. बिस्किटांचा नाही. याचा.

२० नोव्हेंबर, बुधवार

मेटगळ्ळीहून यायला उशीर. फॅक्टरीत ऑडिट चालू आहे, बसून बसून पाय सुजलेत. जेवताना शेवटी बोलून टाकलं.

"अत्ते, यंदा एवढं सांगा ना सगळ्यांना, की बिस्किटं मी करते."

सासूबाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला. हात धुवायला उठल्या. संकर्षण भातात मान घालून जेवत राहिला – नवराच तो माझा! नंतर खोलीत येऊन म्हणाला, सुम्ने, म्हणजे उगाचच, कशाला काढलंस, वय झालंय तिचं. माझं जसं काही वाढतच नाही!

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दाणे भाजून ठेवले. बाकी काही नाही. झोपते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

रजा टाकली. सकाळपासून तेच – काजू जाडसर कुटले, दाण्याचं कूट केलं, लोणी फेसलं, साखर मिक्सरला लावली. मध्येच सासूबाईंची हाक, बीपीची गोळी सापडेना. गोळी त्यांच्याच उशीखाली! तेवढ्यात ऑफिसचा फोन, कुठलं तरी व्हाउचर हवं होतं. रजेच्या दिवशीही सुटका नाही. मग मैदा चाळला, मळला, थापला आणि ट्रे घेऊन सुब्बरावांची बेकरी गाठली. त्यांचे पाव निघाले की भट्टी निवत असते, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या घरांचे ट्रे आत जातात. घरी ओव्हन घेऊ म्हणून संकर्षण कधीपासून सांगतोय. असो.

सुब्बराव म्हणाले, यंदा रंग नाही चढला नेहमीसारखा. भट्टी जास्त निवली असेल, म्हटलं. एक तुकडा मोडून बघावा असं फार वाटलं. पण नैवेद्याआधी जिभेला लावायचं नाही. यात आमच्याकडे कुणाला सूट नाही, आणि मीही कधी घेतली नाही.

घरी आल्यावर डबे उचलायला वाकले आणि कंबर धरली. तिथेच पायरीवर बसले.

२४ नोव्हेंबर, रविवार – सकाळी

मी जात नाही. सरळ उभं राहवत नाही.

डबे गेले, बस गेली. निघताना सासूबाई दारात थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगते मी." त्या गेल्यावर मी चक्क रडले. एवढ्याशा गोष्टीसाठी!

दुपारी

चटणी वाटायला मिक्सरचं भांडं घेतलं. झाकण काढलं – आत पिठीसाखर. सगळीच्या सगळी.

फोन लावला. तोटात रेंज नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. एव्हाना नैवेद्य झाला असेल, पानं मांडली असतील. इतक्या वर्षांनी माझं नाव निघणार, आणि ते या बिस्किटांवर! बोला, काय बोलायचं ते बोला. इतकी दमलेय की लाजही वाटू नये. तरी वाटतेच आहे.

संध्याकाळी

आले सगळे. डबे जवळजवळ भरलेलेच परत आले. संकर्षण माझ्याकडे बघेना, पाण्याची बाटली भरत बसला. सासूबाई पाय धुऊन आडव्या झाल्या. कंबर कशी आहे, एवढं विचारलं. साखरेबद्दल चकार शब्द नाही. मीही विषय काढला नाही. धीर होत नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसच्या बसमध्ये होते. मोठ्या दिरांच्या मुलीचा, वाणीचा फोन आला.

"काकू, बेजार करून घेऊ नका, मनाला लावून घेऊ नका, पण आज्जीला आता स्वयंपाकाचं काही देऊ नका. साखरच विसरल्या बघा त्या. सगळे कुजबुजायला लागले तर उभ्या राहिल्या आणि स्वतःच सांगितलं – मीच केली, हात थकले आता माझे."