पुढे द्यायचा हात

येरुहाम, ४ मार्च १९५६

ती. आईंस बत्याचा शालोम. वि. वि.

बीरशेबाच्या रस्त्यावर यांचा ट्रक उलटला आणि हे गेले, तेव्हापासून तुम्हाला नीट लिहायला धीरच झाला नाही. युडिथला झोप नाही. किंचाळत उठते. शुक्रवारची रात्र तेवढी शांत जाते, आणि मला त्याचीच भीती वाटते. शब्बाथचे दिवे लावले की हे सिनेगॉगमधून यायचे त्या वेळी पोर दाराशी जाते. रिकाम्या हवेत दोन्ही हात पुढे करते, मग बोटांची टोकं ओठांना लावते. यांचे हात हातात घेऊन करायची तीच आपली हातबोशी, आई! मी तिचे हात धरून पाहिले. ऊन होते, आणि ठाण्यात यांच्या हातांना यायचा तसा सब्जाचा वास येत होता. तुम्ही दिलेलं सब्जाचं बी तर इथल्या वाळूत कधीच करपलं.

दवाखान्यातली नर्स हाना म्हणते, हे थांबवा, नाहीतर मुलीला बीरशेबाच्या इस्पितळात ठेवून घ्यावं लागेल. शुक्रवारी दाराला कडी घालू का?

लोभ पातळ होऊ देऊ नये.
तुमची बत्या

ठाणे, १९ मार्च

चि. बत्यास अनेक आशीर्वाद.

कडी घालू नकोस. अगं, हातबोशी म्हणजे काय चहा आहे, प्यायला की संपला? एकाचा घेतलेला हात दुसऱ्याला द्यायचा असतो. मेइरला लहानपणी शिकवताना माझ्या नाकी नऊ आले. तो आधी माझ्या बोटांना हलवा लागलाय का ते बघायचा. युडिथला घेणं कळलं, देणं नाही, म्हणून तिला त्रास होतो. तू तिच्यापुढे हात कर. भिऊ नकोस, माझाच मुलगा आहे तो.

माझ्या झोपेचं विचारू नकोस. त्याला शेवटचा हात लावायला मिळाला नाही. तळवे गार पडतात.

पोरीला पापा.
एस्तेरआई

येरुहाम, ८ एप्रिल

ती. आईंस बत्याचा शालोम.

मी हात पुढे केले. युडिथ दाराकडून वळली आणि तिने माझे हात आपल्या तळव्यांत धरले. वास होता, आई. खांदे एकदम सैल पडले, मी तिथेच बसून रडले. सकाळपर्यंत दोघी झोपलो. नंतरही ती ओरडून उठलेली नाही.

आता हात माझ्याकडे आहे. इथे शेजारणी पुष्कळ, पण मी कुणाला दिला नाही. या ओळीखाली दोन्ही तळवे टेकवले आहेत. घ्या.

तुमची बत्या

ठाणे, २३ एप्रिल

चि. बत्यास आशीर्वाद.

घेतला. त्या रात्री मी झोपले.

शब्बाथला शेजारची डेझी नेहमीसारखी हात पुढे करून उभी राहिली. मी माझे हात पदराखाली घेतले. पुढे द्यायचा असतो, मीच तुला लिहिलं होतं. पण हा मी कुणालाही देणार नाही.

तुझी आई