बसकी गाडी

अमरावती,
फेब्रुवारी २००७

प्रिय विपुल,

फोनवर तू एकच विचारतोस, गाडी विकली का. मी नाही म्हटलं की ‘बरं’ म्हणून ठेवून देतोस. या ‘नाही’चं कारण आता फोनवर सांगण्याजोगं राहिलेलं नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. पॉलिटेक्निकच्या होस्टेलात तू माझ्या अक्षराची भरपूर टिंगल केलीस. अक्षर तेच आहे, सांभाळून घे.

तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. दिवाळीला तू सूर्यभानकाकांसाठी ती पांढरी उंच गाडी घेतलीस, पुंजारामला तिच्यावर ड्रायव्हर ठेवलंस, आणि काका आजतागायत एकदाही तिच्यात बसले नाहीत. अकोल्याला घरासमोर ती उभी असते. पुंजाराम रोज सकाळी तिला धुतो आणि दुपारी तिच्याच सावलीत झोपतो. काका मात्र सत्तरी उलटल्यावरही आपली जुनी लांब गाडी स्वतः चालवतात. यावरून तुमचं बापलेकांचं वाजलं. ‘माझी गाडी त्यांना नको, म्हणजे मीच नको,’ असं तू मला म्हणालास, आणि तेव्हापासून तुमचे निरोप माझ्यामार्फत जातात-येतात. जुनी विकून टाक, मग झक मारत नवीत बसतील, असा तुझा बेत. मी जुन्या गाड्यांच्या धंद्यातला माणूस, हो म्हणालो. एवढी चांगली गाडी विकायला कितीसा वेळ लागणार, असं मलाही वाटलं होतं.

गाडीला खरंच नावं ठेवायला जागा नाही. परदेशी कंपनीची, टर्बो इंजिन, ऑटोमॅटिक, आत चामड्याच्या सीटा. पुढून पाहिली तर साहेबाची गाडी आणि मागे छतापर्यंत गेलेली डिक्की. काकांना वेग हवा होता आणि सुभद्राकाकूंना जागा, म्हणून ही घेतली. पुढची अर्धी यांची, मागची अर्धी माझी, असं काकू म्हणायच्या. नात्यातलं लग्न असलं की त्या मागे गाद्या, पापडांचे डबे, वांग्यांची टोपली असं सगळं कोंबायच्या, आणि काका तो सगळा संसार घेऊन मूर्तिजापूर कधी मागे पडलं ते कळू द्यायचे नाहीत. तेव्हा त्यांची कापसाची जिनिंग चालू होती आणि काकूही होत्या.

तर विक्रीची गोष्ट. गाडी माझ्या कार बाजारात ठेवून जायला काका तयारच नाहीत. ‘विकाची आहे तं विक, पन रातच्याले तुया आवारात नाही ठेवाची,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. त्यामुळे दर रविवारी ते अकोल्याहून स्वतः गाडी घेऊन येतात, पहिल्या रांगेत उभी करतात, दार उघडं टाकून दिवसभर आतच बसतात आणि उन्हं कलली की विकायला आणलेली गाडी घेऊन परत जातात. असा माल मी जन्मात पाहिला नव्हता. गिऱ्हाइकाने मायलेज विचारलं की माझ्याआधी काकाच सांगतात, ‘पेट्रोल पान्यावानी पेते.’ ऑफिसात चला म्हटलं तर म्हणतात, ‘तुया ऑफिसात फायनान्सवाल्यायचा वास येते.’ मग चहा गाडीतच. पूर्वी वर आमच्या घरी येऊन चटईवर बसून जेवायचे, आता ताट खाली पाठवावं लागतं. आमच्या अम्मीला याचा राग आहे. भाईसाब बडे आदमी हो गये, जिना चढायला त्यांना वेळ नाही, असं तिचं मत झालेलं आहे. गाडीत बसण्याचीही काकांची एक तऱ्हा आहे. आधी पाठ करून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय हळूच आत ओढून घ्यायचे. आमची कामावरची पोरं त्याची नक्कल करतात. मला ती त्यांची ऐट वाटायची.

गिऱ्हाइकं आली, नाही असं नाही. पहिला नांदगाव खंडेश्वरचा रस्त्यांचा ठेकेदार. लोणीपर्यंत चालवून आला तेव्हा गालातल्या गालात हसत होता, मी मनात पेढे वाटले. पुढच्या रविवारी बायकोला, केशरबाईंना, दाखवायला घेऊन आला. बाईंनी गाडीला एक चक्कर मारली, डिक्कीजवळ थांबल्या आणि विचारलं, ‘पेशंट इकडून टाकतेत का?’ झालं. काकांना याचं नवल वाटलं नाही. भातकुलीला एका लग्नात त्यांनी ही गाडी मांडवापाशी उभी केली, तर ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्या दचकून उठल्या होत्या, ‘कोन गेलं वं?’ म्हणत. काका ही गोष्ट गिऱ्हाइकांनाही आवडीने सांगतात. माझा धंदा कसा चालतो याची तुला कल्पना यावी.

मग जिल्हा परिषदेला उभा राहिलेला एक उमेदवार आला. त्याने इंजिन पाहिलं नाही, सीटा पाहिल्या नाहीत. गाडीच्या बाजूला खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘इले पायदान नाही. कार्यकर्ते लटकतीन कुठं?’ शिवाय त्याचं म्हणणं असं, की नेता गाडीतून उतरला पाहिजे, आणि या गाडीतून तर वर यावं लागतं. मला हे पटलं. धामणगाव रेल्वेचे एक डॉक्टर मात्र खरे दर्दी होते. त्यांनी ती अशी चालवली की काका बाजूच्या सीटवर बसून खूश झाले. डॉक्टर म्हणाले, वळणावर ही गाडी रस्त्याला चिकटून जाते, उंच गाड्या कलंडतात. सगळं समजूनउमजून आठ-दहा दिवसांनी त्यांनी दुसरीकडून उंच डिझेल गाडी घेतली. बडनेऱ्याला भेटले तेव्हा ओशाळून म्हणाले, ‘काय करता हसनैनभाई, त्या बसक्या गाडीत बसलं का सारे आपल्याले वरून पाह्यतेत. बायकोच्या मांडीवरचा डबा बी ट्रकवाल्याले दिसते.’

तू इंजिनिअर, तू म्हणशील डिझेल स्वस्त, रस्ते खराब, स्पीडब्रेकरला पोट घासतं. ही कारणं खरीच आहेत. पण माझ्याकडून गेलेल्या निम्म्याअधिक उंच गाड्या डांबर सोडून कधी खाली उतरत नाहीत. माझा अंदाज वेगळा आहे. ज्या वर्षांत इथे कापूस बुडाला, काकांच्या जिनिंगला कुलूप लागलं, त्याच वर्षांत माझ्याकडून उंच गाड्या सगळ्यात जास्त गेल्या. मुंबई-दिल्लीहून पाहणीला समित्या यायच्या, तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या उंच गाड्या भाड्याने लागायच्या. माझ्याही जायच्या. संध्याकाळी चाकांची काळी माती धुताना मला वाटायचं, गावाने आज काय पाहिलं असेल? विचारणारा वरून उतरतो आणि सांगणारा खाली उभा असतो, एवढं तर पाहिलंच असेल. आता माझ्याकडे कोण येतं? बियाणं-औषधांचा दुकानदार, प्लॉटचा दलाल, नाहीतर ज्याचं वावर नव्या रस्त्यात गेलं तो. पायाखालची जमीन गेली की माणसाला उंच बसावंसं वाटत असावं. मी काही शिकलेला अभ्यासक नाही, गाड्या विकतो. चूकही असेल.

तूही तेच केलंस, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. जिनिंग बंद पडल्यावर अकोल्यात लोक काकांकडे कसे पाहायला लागले ते तू पाहिलं होतंस. बापाला पुन्हा सगळ्यांच्या वर बसवावं असं तुला वाटलं. मला ते तेव्हाच कळलं होतं, तू बोलला नाहीस तरी.

आता बातमी. गाडीला गिऱ्हाईक मिळालं आहे. शहरातली एक धर्मादाय संस्था आहे, तिचे दोन विश्वस्त गेल्या रविवारी टेप घेऊन आले. मागच्या सीटा पाडून त्यांनी डिक्कीची लांबी मोजली, रुंदी मोजली, एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. त्यांना शववाहिका करायची आहे. पांढरा रंग ते स्वतः देणार, आणि तू म्हटलेल्या किमतीत घासाघीस नाही. हे मोजमाप चाललं तेव्हा काका पुढच्या सीटवरच बसलेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मान वळवून त्यांना म्हणाले, ‘जरा जास्तीच मोजा. माई हाईट पुरली पाह्यजे.’ विश्वस्त पोट धरून हसले, काकाही हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? कागद तयार आहेत. तुझा एक फोन आला की सही होईल, आणि या महिन्यातच काकांकडे ही गाडी राहणार नाही.

पण त्याच दुपारी एक गोष्ट झाली आणि ती मी अजून कोणाला सांगितलेली नाही. पोरं जेवायला गेली होती, मी ऑफिसात जोहरची नमाज आटोपून जानमाज गुंडाळत होतो. खिडकीतून पाहिलं तर काका गाडीतून उतरून आवारात एकटेच फिरत होते. तू घेतलीस तसलीच एक पांढरी उंच गाडी कोपऱ्यात उभी आहे, तिच्यापाशी ते थांबले. इकडेतिकडे पाहिलं, दार उघडलं, आतली कडी एका हाताने धरली आणि उजवा पाय उचलून पायदानावर ठेवला. सगळा भार डाव्या पायावर आला तसा गुडघा लटपटला आणि ते दाराला लटकल्यासारखे झाले. मी धावणार होतो, पण ते सावरले. मग डावा पाय आधी टाकून पाहिला. तो उचलेचना, तर दोन्ही हातांनी पँट धरून गुडघा वर ओढला, जसं आपण पोतं ओढतो. पाय पायदानापर्यंत पोचला नाही. त्यांनी आणखी एकदा केलं. मग दार लावलं, खिशातून रुमाल काढला आणि दारावरच्या धुळीत उमटलेले आपल्या हाताचे ठसे नीट पुसून टाकले. मग आपल्या गाडीशी आले, पाठ करून सीटवर टेकले आणि पाय एकेक करून हाताने आत घेतले. मी ऑफिसातच थांबलो. पोरं आल्यावर बाहेर गेलो आणि चहा मागवला.

विपुल, मला फार वाईट वाटलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. ऑफिसच्या पायऱ्या, आमचा जिना, चटईवरचं जेवण, सगळ्यांचं उत्तर मला त्या खिडकीत मिळालं. तुझी गाडी त्यांना नको नाहीये रे, त्यांना तिच्यात चढता येत नाही. आणि भर गल्लीत पुंजारामने काखेत हात घालून वर चढवावं, लोकांनी ते पाहावं, त्यापेक्षा मुलगा रागावलेला परवडला, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं. तुला ते कधीच सांगणार नाहीत, आणि मी सांगितलं हे त्यांना कळता कामा नये. तेवढ्यासाठीच हे पत्र आहे. संस्थेला मी कळवून टाकलं आहे की मालकाचा विचार बदलतो आहे. चूक केली असेन तर फोनवर शिव्या दे. पण त्याआधी रेल्वेने अकोल्याला ये, आणि जुनी गाडी विकण्याआधी एकदा बसून पाहायची होती म्हण. ते स्टेशनवर घ्यायला येतील. दार उघडून जरा वाक, त्यांच्या शेजारी बस, आणि त्यांना चालवू दे. आणि ती पांढरी पुंजारामच्या हाती माझ्याकडे लावून दे. उंच आहे, लगेच जाईल.

तुझाच, आणि दर रविवारी काकांचाही,
हसनैन